अक्काच्या आतड्याचं मराठी

अक्काचं आतडं मी घरच्यांना पहिल्यांदा दाखवलं ते परकराच्या नाडीवरून. सोलापूरच्या नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आणि त्याच्या मागंच घर. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी नाडीचं नवं बंडल सोडलं आणि अप्पांना म्हटलं, वीसेक फूट मोजा. अप्पांनी सवयीनं गज उचलला, गादीवर नाडी अंथरून मापली आणि नेहमीसारखी चार बोटं जास्तच सोडली. मग मी नाडीची सुरुवात एका चिमटीत धरली, शेवटाकडचा भाग दुसऱ्या चिमटीत धरला आणि दोन्ही चिमट्या एकमेकींना टेकवल्या. म्हटलं, डॉक्टर हे असं जोडणार. अन्न इथून येणार आणि लगेच इथून पुढं जाणार. मधल्या वेटोळ्यात ते शिरणारच नाही.

“आन् ही मदली समदी कापून टाकनार?” अप्पांनी विचारलं.

“नाही. ती आतच राहणार. रिकामी.”

अप्पा चिडले. सगळी हयात कापड विकण्यात गेलेला माणूस, त्यांना हे पटेना. “येवडा माल नुस्ता पाडून ठिवायचा? ह्यो कसला धंदा?” अव्वा, म्हणजे आमची आई, पदरानं डोळे पुसत होती. आणि जिच्या पोटाबद्दल हे सगळं चाललं होतं ती माझी थोरली बहीण खांबाला टेकून बसली होती, ती हसायला लागली. “ऱ्हाऊ द्या की अप्पा. माज्या पोटात जागेला काय तोटा हाय?”

मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. बेडूक कापला होता, झुरळ कापलं होतं, एवढीच माझी वैद्यकी. पण घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, त्यामुळं डॉक्टरांचे शब्द माझ्याच पदरात पडले. अमेरिकेत शिकून आलेले एक सर्जन पुण्यात असं ऑपरेशन करतात, हे अप्पांना एका व्यापाऱ्यानं सांगितलं होतं. आम्ही चौघं रेल्वेनं जाऊन त्यांना भेटून आलो होतो. भला माणूस होता. समजावून सांगायचा, पण निम्मं मराठी आणि निम्मं इंग्रजी. एक वाक्य संपलं की अप्पा, अव्वा आणि अक्का तिघंही माझ्या तोंडाकडं बघायचे. मग डॉक्टरही थांबून माझ्याकडं बघायचे.

पहिला शब्द आला तो ‘मॉर्बिड ओबेसिटी’. मी कॉलेजच्या डिक्शनरीत बघितलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात अक्काला सांगितलं, याचा अर्थ रोगट लठ्ठपणा. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“म्हंजे ह्यो रोग हाय?”

“डॉक्टर तसंच म्हणतात.”

“मंग मी खादाड न्हाय.” तिनं हे मला सांगितलं, मग अव्वाला सांगितलं, आणि मग परातीकडं बघत स्वतःशीच एकदा म्हणाली. भाकरी तव्यावर पडायच्या आधीच वाळली आणि तिला चिरा गेल्या. इतक्या आनंदानं आजाराचं नाव घेणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

तिचा आनंद समजायला तिचं मागचं ठाऊक असायला हवं. ती लहानपणापासून अंगानं मोठी. अक्कलकोटकडच्या एका गावात तिचं लग्न झालं, तेव्हा लोक ‘भरल्या घरची पोर’ म्हणाले. मूलबाळ झालं नाही आणि अंग वाढत गेलं, तशी भाषा बदलली. एका पंचमीला ती माहेरपणाला आली आणि सासरहून न्यायला कुणी आलंच नाही. भांडण नाही, सोडचिठ्ठी नाही. नुसतं बोलावणं थांबलं. अप्पा दोनदा जाऊन आले. तिच्या नवऱ्यानं, आमच्या दाजींनी, त्यांना चहा पाजला, बसथांब्यापर्यंत सोडायला आले आणि मुद्द्याचं काही बोललेच नाहीत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला बरं पडलं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. गावंच्या गावं खडी फोडायला गेली, लोक रेशनवरची मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, खाऊन राहिले, रस्त्यावर जो तो सुकलेला. त्या दिवसांत लठ्ठ असणं म्हणजे चोरी केल्यासारखं होतं. नळावर एका बाईनं अक्काच्या तोंडावर म्हटलं, “समद्या पेठंचं रेशन हिच्याच पोटात ग्येलं जनू.” अक्का तेव्हा एका वेळेला एकच भाकरी खात होती. मी तिच्या ताटाला ताट लावून बसायची, मला माहीत आहे. मी त्या बाईशी कडाकडा भांडले. अक्का मात्र कळशी तशीच ठेवून घरी आली आणि त्यानंतर नळावर गेली नाही. बाहेर जायचं तर टांग्यानं, आणि टांग्यातही सुटका नव्हती. मागं बसली की टांगेवाला वळून म्हणायचा, “आपा, तुम आगे बैठो, टांगा उलार हो रहा.” उलार म्हणजे मागं झुकलेला. मग ती खाली उतरायची, पुढं त्याच्या शेजारी चढायची, आणि हे होईपर्यंत रस्त्यावरची सगळी माणसं थांबून बघत राहायची.

म्हणून ऑपरेशनचं ठरलं तेव्हा तिला भीती घालण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, त्यांच्यावर मी आळ घेणार नाही. जीव जाऊ शकतो हेही सांगितलं होतं. ‘मालॲब्सॉर्प्शन’ हा त्यांचा आवडता शब्द. मी त्याचं मराठी केलं, खाल्लेलं अंगी न लागणं. अव्वाला धक्काच बसला. पोरांच्या अंगी लागावं म्हणून तिनं जन्मभर रांधलं होतं, आणि इथं अंगी लागू नये म्हणून पैसे देऊन पोट फाडायचं होतं. अक्काला मात्र एकच गोष्ट हवी होती. तिला तिच्या घरी जायचं होतं. तिला दाजी आवडायचे. मला त्यांच्यात आवडण्यासारखं कधी काही दिसलं नाही, पण आवड ही काही बहिणीला विचारून होत नाही.

पुण्याला ऑपरेशन झालं. वेटोळं बाजूला पडलं, दीड-एक फूट आतडं कामाला राहिलं. निघताना डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. प्रोटीन भरपूर द्या, अंडी, मासे, मटण. मी अव्वाकडं बघितलं, अव्वानं भिंतीकडं बघितलं. आम्ही लिंगायत, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. अप्पांनी विचारलं, दुसऱ्या कशात असतंय का ते? डाळी, दूध, शेंगदाणे, असं मीच सांगितलं, आणि पुस्तकात तसंच होतं. अव्वाचा चेहरा उजळला. शेंगा! सोलापुरात शेंगांना काय कमी! दुसऱ्या दिवसापासून उखळ सुरू झालं. शेंगाची चटणी दह्यात, शेंगाची आमटी, शेंगाची पोळी, भाजके दाणे गुळाबरोबर. अक्का नको म्हणाली तरी अव्वा तिच्या ताटात मूठभर जास्त टाकायची. पोरीला बरं वाटावं म्हणून तिला करण्यासारखं तेवढंच होतं, आणि तिनं ते जीव तोडून केलं.

अक्का झडायला लागली. दर पंधरवड्याला पोलक्याच्या शिवणी आत घ्याव्या लागत. अप्पा दुकानातून नवीन खण आणून द्यायचे आणि शिंप्याला म्हणायचे, माप दर येळेला नवीन घे बाबा. पेठेतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. ती एकदा टांग्यात मागं बसली. टांगेवाला काही म्हणाला नाही. ती तशीच बसून राहिली, मग त्याला म्हणाली, तळ्याला येक चक्कर मारून घ्या. देवळात जायचं नव्हतं, काम काही नव्हतं. मी तिच्या शेजारी होते. एवढं सुख मी तिच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं, हेही लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कारण बघायला येणाऱ्यांना जे दिसत नव्हतं ते आम्ही रोज बघत होतो. खाल्लं की धावायचं. दिवसातून किती वेळा, मोजणं आम्ही सोडून दिलं होतं. नळाला एक दिवसाआड पाणी, आणि ती बादली घेऊन परसाकडं जाते आहे, येते आहे, पुन्हा जाते आहे. घरात वास राहायचा. अव्वा ऊद जाळायची आणि कुणी आलं की सणाचं कारण सांगायची. अक्काचे केस कंगव्यात पुंजक्यानं यायचे. पायात गोळे यायचे, तेव्हा डॉक्टरांनी पत्रातून सांगितलं, ‘इलेक्ट्रोलाइट्स’ कमी पडतात, अमुक गोळ्या द्या. मी सांगितलं, अंगातले क्षार वाहून जातायत. अक्का म्हणाली, “जाऊ द्यात. जे जे जातंय ते जाऊ द्या.” शब्द तिला एव्हाना माझ्याइतकेच यायला लागले होते. सातवीपर्यंत शिकलेली बाई, तांदूळ निवडता निवडता ‘जेजुनम, इलियम’ अशी आतड्याच्या भागांची नावं म्हणायची.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला दाजी आणि त्यांची आई सोलापुरात आले. गर्दीत अक्का त्यांच्या समोरून गेली आणि त्यांनी तिला ओळखलंच नाही. मग सासूनं माझ्याकडं बघितलं, पुन्हा अक्काकडं बघितलं आणि दाजींचा हात धरून ओढला. आठ दिवसांत बोलावणं आलं. दाजी स्वतः न्यायला आले, नवी टोपी घालून. अव्वानं ओटी भरली, त्यात नारळ, खण, तांदूळ, आणि पिशवीत वेगळ्या शेंगा. मी म्हटलं, दाजींना सगळं सांगूया, हिला काय खावं लागतं, काय होतं. अक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी शेंगांच्या पिशवीचं तोंड बांधायला घेतलं. सासरी तिनं ते कसं झाकलं असेल कोण जाणे. शेतात जाण्याच्या निमित्तानं झाकलं असेल.

वर्षभरानं ती आली ती पाय सुजवून. मी पोटरीवर अंगठा दाबला, तर कणकेवर बोट दाबावं तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. अव्वा मात्र खूश. “पोरीनं जरा अंग धरलं बग.” मी ओरडले तिच्यावर. हे अंग नव्हे अव्वा, हे पाणी आहे, रक्तात प्रोटीन उरलं नाही म्हणून पाणी पायात उतरतंय. अव्वाला प्रोटीन शब्द ठाऊक होता, ती उठून उखळाकडं गेली. त्याच मुक्कामात अक्काच्या पाठीत कळ आली, इतकी की तिनं दाराची चौकट धरून दातानं पदर फाडला. मूतखडा. पुण्याला नेलं. डॉक्टरांनी ‘ऑक्झलेट’ असा शब्द सांगितला. या ऑपरेशननंतर शेंगदाणे, पालक, चहा यांतला हा पदार्थ फार शोषला जातो आणि त्याचे खडे होतात, हे त्यांच्याकडंही नुकतंच कळायला लागलं होतं. बाकी काहीच अंगी लागत नव्हतं, आणि हे तेवढं लागत होतं. घरी येऊन मी अव्वाला ते मराठीत सांगितलं. सांगायला नको होतं असं कुणी म्हणेल. पण मग ती कुटतच राहिली असती. अव्वानं उखळातला कुटायचा दगड काढून परसात ठेवला आणि त्या दिवसानंतर आमच्या घरात शेंगाची चटणी झाली नाही.

खड्यापेक्षा वाईट निघालं ते यकृत. ‘फॅटी लिव्हर’. अंगावरची चरबी गेली होती आणि यकृतात जाऊन बसली होती. अक्काचे डोळे पिवळे व्हायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता एकच उपाय, ‘रिव्हर्सल’, आतडं पूर्वीसारखं जोडून टाकायचं. वेटोळं आत आहेच. उशीर केला तर काही करता येणार नाही. ते हे इतकं सरळ बोलले की मला मराठी करायचं कामच उरलं नाही. तरी मी केलं. नवऱ्याला घेऊन या, असंही ते म्हणाले, कारण निर्णय मोठा होता.

अक्का पुढच्या वैशाखात वारली, सासरीच. निरोप आला तेव्हा अप्पा दुकानात एका गिऱ्हाइकाला लुगडं दाखवत होते. त्यांनी ते लुगडं घडी घालून जाग्यावर ठेवलं आणि मग खाली बसले. मातीला आलेल्या बायका म्हणत होत्या, काय नाजूक झाली होती शेवटी, ओळखू येत न्हवती. हे त्यांनी कौतुकानं म्हटलं. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटलं. ती त्या दिवशी गेली असं सगळे धरतात, पण मी धरत नाही. माझ्या लेखी ती आधीच गेली होती, पुण्यात, डॉक्टरांच्या खोलीत, आम्ही दाजींना घेऊन गेलो त्या सकाळी.

अप्पा-अव्वा बाहेर बाकावर बसले होते. आत अक्का, दाजी आणि मी. दाजींनी टोपी काढून मांडीवर धरली होती. डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि मी एकेक शब्द मराठीत आणला. खाल्लेलं अंगी न लागणं. क्षार वाहून जाणं. रक्तातलं सत्त्व संपून पायात पाणी उतरणं. यकृतात चरबी भरून ते निकामी होणं. परत जोडणं. एका ठिकाणी मी अडखळले तर अक्कानंच तो शब्द पुरा केला. तिला सगळं कळलं होतं. अज्ञानात गेली असं तिच्याबद्दल कुणी म्हणू नये, म्हणून हे मी मुद्दाम लिहिते. दाजींनाही कळलं होतं. ते मान हलवत होते. माझ्या मनात आलं, चला, सुटलो, आता कुणी शहाणा माणूस नाही म्हणणार नाही.

दाजी पहिल्यांदाच बोलले. “डॉक्टरसायेब, येक इचारू का? जोडल्याव ही… पयल्यावानी हुईल का?”

“वजन वाढेल,” डॉक्टर म्हणाले. “बरंचसं पूर्वीइतकं होईल. पण त्या जगतील.”

दाजींनी मान हलवली. नको म्हणाले नाहीत. जोडा असंही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त एकदा अक्काकडं बघितलं, खालपासून वरपर्यंत, आणि मग मांडीवरच्या टोपीची घडी नीट करायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. अक्काही बघत होती. अजून थोडा वेळ ते बोलतील म्हणून ती थांबली असावी, असं मला आजही वाटतं. तिनं बराच वेळ दिला त्यांना.

“ब्याड,” अक्का म्हणाली.

आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालायचं. दाजींनाही कानडी येत होतं. त्यांनी मान वर केली नाही. डॉक्टर पुण्याचे, त्यांना तो शब्द कळला नाही. बाईला कुठंतरी दुखलं असावं असं त्यांना वाटलं. त्यांनी सवयीनं माझ्याकडं वळून विचारलं, “काय म्हणतायत त्या?”

मी अक्काकडं बघितलं. तिनं मला खुणेनं सांग म्हटलं.

“नको म्हणतेय,” मी सांगितलं.